मनवर सरांचा सोमवार

मनवर सरांवरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे चार बरे शब्द निघाले, तर ते लाडाने निघाले असं कुणाला वाटायला नको. यवतमाळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, इलेक्ट्रॉनिक्स विभागात, आमची टेबलं एकमेकांना लागून होती. माणूस सरळ होता. पण सरळ माणसाशेजारी बसायला किती त्रास होतो, हे बसल्याशिवाय कळत नाही.

त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "पाहून सांगतो." कुणी विचारलं, सर, कँटीनचे पोहे आज बरे आहेत का, तर पाहून सांगतो. लग्नाला येता का, पाहून सांगतो. एकदा प्राचार्यांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, की यंदा निकाल सुधारेल ना? आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मनवर म्हणाले, "पेपर पाहून सांगतो, सर." प्राचार्य त्यानंतर किती तरी दिवस त्यांच्या टेबलाकडे फिरकले नाहीत. ह्यांच्या लक्षातही आलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाले, अस्सं? मले वाटलं साहेब गावाले गेले.

पोरं त्यांना मागून 'पाहूनसर' म्हणायची. ते त्यांना ठाऊक होतं. वाईट वाटतं का, असं एकदा विचारलं, तर थोडा वेळ खरंच विचार करून म्हणाले, "नाई वाटत. बराबर हाये न थे."

कापसाची ती वाईट वर्षं होती. त्याबद्दल मी काय वेगळं सांगणार, पेपरात रोज छापून यायचं आणि रोज वाचून आमचे डोळे सुन्न झाले होते. कॉलेजात ते वेगळ्या रीतीने कळायचं. वर्गात मागची बाकं रिकामी होत गेली. हजेरी घेताना एखाद्या नावाला उत्तर यायचं नाही आणि वर्ग एकदम गप्प व्हायचा, तेव्हा समजायचं की ह्या पोराच्या घरी काही तरी झालं. मग पुढचं नाव घ्यायचं. मनवर सरांनी त्या हंगामात हजेरी घेणंच सोडलं. तास संपल्यावर पोरांना नुसतं पाहायचे, आणि खोलीत येऊन हजेरीपटावर आठवणीवरून खुणा करायचे. ते काम मात्र मी त्यांना कधी घाईत करताना पाहिलं नाही.

स्वतः ते महागावचे. वडील लवकर गेले. आई दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचून ह्यांना शिकवत गेली. पुढे नोकरी लागली तरी तिचं वेचणं सुटलं नाही. घरी बसून काय करू, म्हणायची. मनवर दर शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.ने महागावला जायचे आणि सोमवारी सकाळी थेट कॉलेजात उतरायचे. आईचं एकच म्हणणं होतं, आपल्या वस्तीतून एक तरी डॉक्टर व्हावा. दवाखान्यातला नाही तर पुस्तकातला चालेल.

तर ते पुस्तकातले डॉक्टर होण्याच्या मार्गावर होते. विषय होता जिटर. इलेक्ट्रॉनिक सर्किटात एक घड्याळ असतं, त्याच्या ठोक्यावर बाकीचं सगळं चालतं. ठोका ठरल्या वेळेला पडायला हवा. पडत नाही. कधी केसभर आधी, कधी केसभर नंतर. ह्या मागेपुढे होण्याला जिटर म्हणतात. सर्किट प्रत्यक्ष बनवण्याआधी कॉम्प्युटरवर सिम्युलेशन करून हा जिटर किती येईल याचा अंदाज घेतात. त्याच्या दोन पद्धती आहेत, आणि दोन्हींची तुलना करणं, एवढाच मनवरांचा प्रबंध.

वर्गात ते हे एस.टी.वरून समजवायचे. मी दाराशी उभा राहून ऐकलंय. यवतमाळ-महागाव गाडी दहाची आहे, म्हणायचे. ते रोज दहालेच सुटते का? पोरं हसायची. मंग किती मागंपुढं होते हे काढायचं कसं? एक तर स्टँडवर जाऊन बसा. रोज पाहा, रोज लिहा. वर्ष जाईल, पण जे दिसेल ते खरं. ही लांबची पद्धत. नाही तर ड्रायव्हर कोण, इंजिन कसं, रस्ता कसा, हे सगळं एकदा नीट समजून घ्या आणि घरी बसून हिशेब करा. दुपारपर्यंत उत्तर हातात. ही जवळची पद्धत. आता प्रश्न असा, की जवळचीवर भरवसा ठेवावा का? मागच्या बाकावरचं एखादं कार्टं ओरडायचं, "पाहून सांगतो, सर!" मनवर मनापासून म्हणायचे, "हाव. थेच करून राह्यलो मी."

जवळच्या पद्धतीचं काम त्यांनी झटपट उरकलं. घोडं अडलं ते लांबच्या पद्धतीत. तिथं सर्किटात मुद्दाम गोंगाट सोडायचा, म्हणजे कॉम्प्युटरने अनिश्चित आकडे टाकत जायचं, आणि सर्किट तासन् तास चालवून एकेक ठोका मोजायचा. आणि यवतमाळात तेव्हा लोडशेडिंग. सकाळची वीज गेली की दुपारी यायची, दुपारी आलेली संध्याकाळी जायची. यू.पी.एस.ची बॅटरी म्हातारी झालेली, कधी बराच वेळ टिकायची, कधी पंखा थांबायच्या आत मान टाकायची. जनरेटर होता, तो प्राचार्यांच्या खोलीपुरता. सिम्युलेशन निम्म्यात मेलं की पुन्हा पहिल्यापासून. वीज गेली की मनवर काळ्या पडद्यासमोर हाताची घडी घालून बसून राहायचे. आम्ही बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसायचो. सर, चला, म्हटलं की म्हणायचे, येईन आता. वीज येईल असं म्हणायचे की स्वतः येतो असं, हे कधी कळलं नाही.

शेवटी त्यांनी तोड काढली. एक लांबलचक रन होत नाही ना, मग बरेच छोटे छोटे रन घ्यायचे. वीज असेल तेवढा वेळ चालवायचं, गेली की जेवढं झालं त्यातून जिटरचा आकडा काढून ठेवायचा, आणि शेवटी सगळे आकडे एकत्र करायचे. हिशेबाने ह्यात काही वावगं नाही. नागपूरच्या त्यांच्या गाइडनीही मान्यता दिली. असे दोन पावसाळे गेले. हार्डडिस्क एवढीशी, म्हणून रनचा कच्चा माल पुसून टाकायचा आणि फक्त आकडा ठेवायचा. आणि गंमत म्हणजे आकडे एकमेकांशी फार सुरेख जुळायला लागले. शेवटच्या घरात थोडा फरक, बाकी एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

ह्या आकड्यांवरून निघालं असं, की जवळची पद्धत जिटर फुगवून सांगते. हे नवीन होतं. गाइड खूश झाले. मनवरांनी एका मोठ्या परिषदेत जाऊन भरल्या सभागृहात ते सांगितलं, आणि लोकांनी म्हणे उभं राहून प्रश्न विचारले. परत आले तेव्हा माणूस चक्क हसत होता. प्रबंधाची रूपरेषा मंजूर झाली त्या रविवारी आईने महागावच्या विहारात खीरदान केलं. आम्हीही गेलतो. म्हातारी प्रत्येकाच्या वाटीत खीर वाढताना सांगत होती, "माहा सुधाकर डॉक्टर होऊन राह्यला." मनवर मागे उभे राहून म्हणत होते, माय, अजून नाही झालो. तिने ते ऐकलं नाही, आणि आम्हीही नाही.

आता आमचा, म्हणजे विभागाचा, त्यात जीव कसा अडकला होता ते सांगतो. पोरं कमी झालेली. वरून तपासणी समिती येणार होती. विभागात एकही पीएच.डी. झालेला माणूस नाही, म्हणून आमच्या प्रवेशाच्या निम्म्या जागा काढून घेतील अशी चिन्हं होती. जागा गेल्या की शेवटी लागलेल्यांच्या नोकऱ्या गेल्या. शेवटी लागलेला मी. घरात मुलगी नुकतीच जन्मलेली. सगळा विभाग मनवरांच्या प्रबंधाकडे डोळे लावून होता. त्यांना वर्गाचं काम कमी दिलं, पेपर तपासायचे आम्ही वाटून घेतले. मी तर त्यांच्यासाठी चहा आणून ठेवायचो. अर्धा कप, कारण पूर्ण कप ते कधी घेत नसत.

प्रबंध सादर करण्याआधी विद्यापीठात एक भाषण द्यावं लागतं. त्याची तालीम आमच्या सेमिनार हॉलमध्ये ठेवली. तालमीला विभागप्रमुख, मी, आणखी दोघं-तिघं. तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शक कागद ठेवून दाखवायची पद्धत होती. मनवरांनी नुकत्याच केलेल्या दोन वेगवेगळ्या रनचे आलेख, प्रत्येक ठोका किती मागे किती पुढे ते दाखवणारे, दोन कागदांवर काढून आणले होते. कल्पना अशी, की एकावर एक ठेवून दाखवायचं, पाहा, गोंगाट दोन्हीकडे वेगळा, पण सरासरी सारखीच.

पहिला कागद ठेवला. भिंतीवर वेडीवाकडी रेघ उमटली. त्यावर दुसरा ठेवला, कडा जुळवल्या. भिंतीवर एकच रेघ राहिली.

मला वाटलं दुसरा कागद कोरा आहे. मनवरांनी तो उचलला, उजेडाकडे धरून पाहिला, पुन्हा ठेवला. तीच रेघ. प्रत्येक चढ, प्रत्येक उतार, बरोब्बर एकावर एक. फक्त एक रेघ थोडी आधी संपत होती, कारण त्या दिवशी वीज लवकर गेली होती. विभागप्रमुख म्हणाले, वा, काय जुळलंय!  मनवरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि ते बाकावर बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

नंतर त्यांनी मला जे सांगितलं ते असं. कॉम्प्युटर जे अनिश्चित आकडे टाकतो, ते खरे अनिश्चित नसतातच. ते एका सुरुवातीच्या आकड्यावरून निघतात. तो आकडा आपण बदलला नाही, तर दर वेळी तोच गोंगाट, त्याच क्रमाने. मनवरांनी तो कधी बदललाच नव्हता. वीज यायची, ते पहिल्यापासून सुरू करायचे आणि कॉम्प्युटर बिचारा तेच तेच चालवायचा. वीज दर वेळी वेगळ्या वेळी जायची म्हणून शेवटच्या घरातले आकडे थोडे बदलायचे, आणि ह्यांना वाटायचं रन वेगळा आहे. सलग वीज असलेल्या गावात ही चूक झालीच नसती, आणि झाली असती तर पहिल्या दिवशी पकडली गेली असती. आमच्या लोडशेडिंगने ती करवलीही आणि झाकलीही.

"राऊत," ते म्हणाले, "मी दोन वर्सं स्टँडवर बसून एकच सोमवार पाह्यला. अन् नेमका थो सोमवार बरा गेलता."

माझ्या डोक्यात पहिला विचार कोणता आला, ते सांगायला मला लाज नाही वाटत. मला वाटलं, आता गप्प बसा. ते दोन कागद फाडून टाका. बाकी आकडे सगळे तक्त्यात आहेत, परीक्षक कच्चा माल मागत नाहीत, मागितला तर तो पुसलेला आहे. विभागप्रमुखांनी हेच जरा गोड भाषेत सांगितलं. नागपूरला फोन केला तर गाइडही म्हणाले, ते आलेख वगळा, पुढे शुद्धिपत्र काढू, आधी डिग्री तर होऊ द्या. सगळे एका बाजूला होते. मी मनवरांच्या खोलीवर जाऊन तासभर बोललो. माझ्या मुलीचं नाव काढलं. आवाज चढवला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मध्ये उठून मला पाणी दिलं, आणि म्हणाले की तुमचं खरं हाये, पण मले नाही जमणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रबंध सादर करत नसल्याचं लिहून दिलं. समिती आली, वही-पेन घेऊन फिरली, निम्म्या जागा काढून गेली. मी आणि आणखी एक जण उन्हाळ्यात घरी बसलो. माझ्या तोंडून त्या दिवसांत मनवरांबद्दल काय काय निघालं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकट्याने प्रामाणिक व्हायचं आणि भरपाई दुसऱ्यांनी करायची, हा कुठला न्याय? हे मी त्यांना तोंडावर म्हटलं होतं. ते म्हणाले, "न्याय नाहीच हाये हा." आणि एवढ्यावर थांबले. बचाव करणारा माणूस असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आईला सांगायला ते महागावला गेले तेव्हा मला बरोबर चला म्हणाले. राग होता तरी गेलो, कारण त्या माणसाने माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. म्हातारी ओट्यावर बसली होती. ह्यांनी सरळ सांगितलं, माय, माही चूक झाली, डिग्री आता होत नाही. तिला चूक कळली नाही, कळायचं कारणही नव्हतं. बराच वेळ ती हातातली काडी मोडत बसली. मग म्हणाली, "मंग लोकाईले काय सांगू? खीर खाल्ली न सगळ्याईनं." मनवरांनी मान खाली घातली.  परतीच्या गाडीत दिग्रसजवळ त्यांचे डोळे भरून आले, ते मी खिडकीकडे पाहून टाळलं.

त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला इतरांकडून कळत गेलं, कारण मी पुढे अमरावतीला नोकरी धरली. त्यांनी काम पहिल्यापासून सुरू केलं. गावाबाहेर पाणीपुरवठ्याचा पंप होता, त्या लाईनला लोडशेडिंग नव्हतं. पंपावर रशीदभाई म्हणून ऑपरेटर होते, त्यांचा पुतण्या कधी काळी मनवरांचा विद्यार्थी. मनवरांनी स्वतःचा कॉम्प्युटर रिक्षात घालून तिथं नेला आणि कोपऱ्यात, पोत्यावर, लावून दिला. मोटरीच्या धडधडीत बाकी काही ऐकू यायचं नाही. कॉलेज सुटलं की हे पंपावर. रशीदभाई म्हणे ईदलासुद्धा एक चक्कर मारून पाहून जायचे, सरांचं यंत्र चालू आहे ना. एकदा त्यांनी विचारलं, सर, हे कवा सरते? मनवर म्हणाले, पाहून सांगतो. रशीदभाईंना त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढे किती तरी वर्षांनी एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नासाठी महागावला गेलो. स्टँडवर उतरलो तर समोर मनवर, हातात भाजीची पिशवी. केस पांढरे. मला पाहून त्यांना आनंद झाला, आणि मलाही झाला, ह्याचं मलाच नवल वाटलं. घरी चला, म्हणाले. वाटेत मी विचारलं, झालं का ते? झालं, म्हणाले. दर वेळी नवा आकडा घालून, न थांबता, पाहिजे तेवढं चालवलं. दोन्ही पद्धती जुळतात. जवळची पद्धत काही फुगवून सांगत नाही.

"मग सादर करा ना," मी म्हटलं.

ते म्हणाले, नोंदणीची मुदत केव्हाच गेली. गाइड निवृत्त झाले. आणि आता त्यात नवीन तरी काय आहे? सगळं जग जे धरून चाललं होतं, तेच बरोबर निघालं. त्याला कोण डिग्री देणार.

मला एकदम जुना राग आला. मी म्हटलं, मग एवढी वर्षं पंपावर बसलात कायले?

चालता चालता ते थांबले. "मी भरल्या सभेत म्हटलंतं न राऊत, का जवळची पद्धत खोटी हाये. तिची काही चूक नव्हती. मी आळ घेतला तिच्यावर. थो उतरवा लागन का नाई?" परिषदेला जे जे आले होते, त्यांचे पत्ते शोधून त्यांनी प्रत्येकाला कळवलं होतं की मी चुकलो. दोघा-तिघांनी उत्तर दिलं. बाकीच्यांना कदाचित आठवतही नसेल, असं ते स्वतःच म्हणाले.

घर जुन्याच जागी होतं. म्हातारी ओट्यावर, शेजारची एक बाई तुरीच्या शेंगा सोलत बसलेली. आईला आता दिसत कमी होतं, पण नाव सांगितल्यावर ओळखलं. मला जवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला. मग शेजारणीला म्हणाली, हे सरच होते तवाचे, याईनंच पाह्यलं सगळं. आणि माझ्याकडे वळली.

"झाला न माहा सुधाकर डॉक्टर. तुमाले त मालूमच असन."

शेजारीण म्हणाली, "डॉक्टर साहेबाले कोन नाई वळखत वस्तीत."

मी मनवरांकडे पाहिलं. शेवटच्या घरातला आकडा चुकला तरी ज्यांना झोप लागत नसे, प्राचार्यांपासून शिपायापर्यंत ज्यांनी कुणाची एक गोष्ट तशीच सोडली नाही, ते दारात उभे होते. हातात भाजीची पिशवी तशीच. आता हे बोलतील, माय, नाही झालो म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत त्यांनी माझ्याकडे काही तरी मागितलं, आयुष्यात दुसऱ्यांदा.

"हाव माय," मी म्हटलं. "मालूम हाये मले."

मनवर सर आत वळले, माझ्यासाठी पाणी काढायला. रांजणावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. गडू भरायला लागतो त्याहून खूपच जास्त वेळ ते तिथं पाठमोरे उभे होते.